हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला जेट स्की : इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही. सल्ला हवा

केळीवाला_रावेर :
राम राम मंडळी. चुलतभावाने कोकणातून सेकंडहँड जेट स्की आणलीय. तीन सीटर, फोर स्ट्रोक, बाहेरचंच पाणी ओढून इंजिन थंड करणारी. हळू चालवली तर ठीक चालते. थ्रॉटल दाबला की आरपीएम भसकन वर जातो आणि गाडी जागेवर खदखदते. थोड्या वेळाने हीटची शिटीही वाजते. मिस्त्री म्हणतो, इंजिन उतरवू. उतरवू द्यावं का?

गॅरेज_धुळे :
अजिबात नको! आरपीएम चढतोय म्हणजे इंजिन धडधाकट आहे, दुखणं मागच्या जेट पंपात आहे, म्हणजे पाणी ओढून मागे फेकत गाडी पळवणाऱ्या पंपात. बोअरच्या मोटरीचा इंपेलर (पाणी ढकलणारा पंखा) घासला की मोटर फिरते पण पाणी वर येत नाही, तसंच हे. आधी किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडा, मगच खालच्या, पाणी आत घेणाऱ्या जाळीत हात घाला. शेवाळ, जलपर्णीची मुळं, प्लास्टिक, काहीही निघेल. जाळी साफ असेल तर टॉर्च मारून इंपेलरच्या पात्यांच्या कडा आणि भोवतीची वेअर रिंग (इंपेलर जिच्या आत फिरतो ती कडी) बघा. रिंगला नख अडकेल अशा चरा असतील तर ती गेली. कोकणातली गाडी वाळूच्या किनाऱ्यावर फिरलेली असणार.

तापीकाठ :
पहिले जाळी देखा भाऊ, हेच सांगणार होतो. शिटीचं म्हणाल तर पंपात दाब नाही म्हणजे इंजिनलाही पाणी पुरत नाही, दोन्ही तक्रारी एकाच घरच्या असू शकतात. त्यात हतनूर गाळाने भरलेलं. तापी-पूर्णेचा संगम जवळ, पावसाळ्यात पाणी चहासारखं. कमी पाण्यात स्टार्ट करूच नका, कमरेइतकं पाणी येईपर्यंत ढकलत न्या.

घरी आल्यावर फ्लश करा, म्हणजे नळाच्या स्वच्छ पाण्याने इंजिन आतून धुवा. क्रम महत्त्वाचा : आधी इंजिन चालू, मग नळ. थांबवताना आधी नळ बंद, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधून इंजिनात शिरतं. आणि पाण्याशिवाय 15 सेकंदांच्या वर चालवू नका.

भुसावळकर_ताई :
उन्हाळ्यात गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवणार असाल तर बॅटरी काढून घरात चार्जरला लावा. 45 अंशांत ती दोन महिन्यांत बसते. इथेनॉलवालं पेट्रोल अर्ध्या टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका, ओल धरतं. आणि पाटबंधारे खात्याची परवानगी विचारलीय ना? पाणपक्ष्यांच्या दिवसांत तिकडे आवाज नकोच, हे माझं मत.

केळीवाला_रावेर :
ताई, परवानगीचं बघतोय, तोवर गाडी खळ्यातच. जाळी काढली. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा शाफ्टला करकचून गुंडाळलेला! कापून काढला. पण रिंगलाही चरा आहेत, एका पात्याची कड वाकलीय.

गॅरेज_धुळे :
मग पंप उतरवा. इंपेलर काढायला स्प्लाइनचं (आतल्या खाचांत बसणारं) खास हत्यार लागतं, पाइप पान्याने झटापट करू नका. पातं थोडंच वाकलं असेल तर दुरुस्त होतं, रिंग मात्र नवीच. जळगावात मिळेल असं वाटत नाही, हलवरचा (गाडीच्या बॉडीवरचा) नंबर आणि मॉडेल देऊन मुंबई-गोव्याकडून मागवा. बसवताना इंपेलर आणि रिंगमधली फट फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजा, माप मॅन्युअलमध्ये असतं. पंप जिथे हलला टेकतो तिथलं सील फाटलं असेल तर हवा ओढतो आणि पुन्हा हेच रडगाणं, म्हणून तेही आत्ताच बदला.