बारवेतली मॉस मोठी का वडावरची वाघळं?

वडाखालचा :
"बारवेच्या चिऱ्यांवर दुर्मिळ मॉस (शेवाळासारखी हिरवी मखमल) आहे, साफसफाई थांबवा." ही कालची पोस्ट वाचली अन् डोकंच फिरलं. आमच्या वडावर शंभरेक वाघळं होती. फटाके फोडून हाकलली, तेव्हा कुणी एक ओळ खरडली नाही. वाघूळ उंबर खातं, रातोरात लांबवर बी टाकतं. मादीला वर्षाला एकच पिल्लू. मॉस काय करते? दगडावर बसते.

बॉटनीवाली :
पोस्ट माझीच. साफसफाई थांबवा कुठं म्हटलं? तारेचा ब्रश मारू नका म्हटलं. हिला मुळं नाहीत, अंगानंच पाणी पिते. एप्रिलात काळी खरपुडी होते, वाटतं मेली. मृगाची सर आली की चहा होईस्तोवर हिरवी. वाघूळ दुसऱ्या वडावर जाईल, ही कुठं जाईल?

वडाखालचा :
बीजाणू वाऱ्यावर उडतात, शिकलोय थोडं आम्हीबी.

बॉटनीवाली :
उडतात. उतरणार कुठं, तापलेल्या काळ्या दगडावर?

मोसंबीवाला जालना :
दोघंबी रिकामे दिसायलात. आंबे बहाराच्या, म्हंजी थंडीतल्या फुलोऱ्याच्या, मोसंबीचा भादव्यात झाडाखाली सडा पडला माझ्या. रात्री बॅटरी मारली तर वर वाघळं! मारावं म्हटलं तर वन्यजीव कायदा आडवा. आधी हीच वाघळं उंदीर-कावळ्यांसंगं उपद्रवी यादीत होती, 2022 च्या दुरुस्तीत यादीच काढून टाकली.

वडाखालचा :
फळाला सुईएवढं भोक अन् भोवती नरम डाग होता का?

मोसंबीवाला जालना :
होता. मग?

वडाखालचा :
मग तो रस शोषणारा पतंग, दादा. वाघूळ दातानं फोडतं, रस पिऊन चोथा थुंकतं. पतंगाची अळी तुमच्याच बांधावरच्या गुळवेलीवर वाढते.

मोसंबीवाला जालना :
आता गुळवेल उपटू? कोरोनात तिचाच काढा पाजला लोकांनी! बरं, असंल पतंग. अन् पेरू? पेरूबी पतंगच फोडतो का?

वडाखालचा :
पेरू वाघूळच.

मोसंबीवाला जालना :
आलं का तोंडातून! माझे पेरू म्हणजे फुकटची पंगत.

लातूरकर :
2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आमच्याकडं. घागर घेऊन रांगेत मी उभा होतो, तुमची मॉस नव्हती. बारव खरवडून लख्ख करा.

बॉटनीवाली :
गाळ काढा की, कोण नको म्हणतंय? पाणी तिलाबी लागतं, तिचं तर लग्नच पाण्याबिगर लागत नाही. भिंत तेवढी सोडा.

लातूरकर :
भिंत सोडली. खूश?

वडाखालचा :
चला, ब्रश नका मारू. पण ताई, एकदा वाघळांच्या वडाखाली येऊन बसा. छत्री आणा.