एफ/१.२ आली म्हणून तुमची एफ/१.४ मातीमोल होत नाही

काचवेडा (धागाकर्ता)
दोन दिवसांपासून एक पोस्ट फिरतेय: "नवी एफ/१.२ लेन्स जाहीर झाली. एफ/१.४ असेल तर आजच विकून मोकळे व्हा, महिन्याभराने कुणी ढुंकून बघणार नाही." हे वाचून माझ्या ओळखीतल्या एका मुलीने तिची उत्तम ३५ एमएम एफ/१.४ रातोरात पडेल भावात काढून टाकली. मला राहवलं नाही, म्हणून लिहितोय.

एफपुढचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सचं उजेड घेणारं भोक; आकडा लहान तितका उजेड जास्त. एफ/१.४ आणि एफ/१.२ मध्ये फरक जेमतेम अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). तेवढ्यासाठी काच केवढी वाढते ते बघा. सोनीची ५० एमएम एफ/१.२ जीएम (जीएम ही सोनीची वरच्या दर्जाची मालिका) २०२१ मध्ये आली, वजन ७७८ ग्रॅम. त्याच सोनीने २०२३ मध्ये, म्हणजे नंतर, ५० एफ/१.४ जीएम काढली, ५१६ ग्रॅमची. एफ/१.४ खरोखर संपली असती तर कंपनीने हा उद्योग केला असता का? निकॉनची १९७७ ची नॉक्ट ५८ एफ/१.२ घ्या. २०१९ मध्ये निकॉनचीच नवी नॉक्ट एफ/०.९५ आली, पण जुनी नॉक्ट कुणी भंगारात काढली नाही. आजही ती शोधणारे आहेतच.

भाव पडतो तो माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला अडकते ते कडं, बदललं की. २०१८ मध्ये मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी कॅननचं आरएफ आणि निकॉनचं झेड माउंट आलं आणि डीएसएलआरच्या (आरसा असलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या) लेन्सांना उतरती कळा लागली. त्याचं खापर अ‍ॅपर्चरच्या आकड्यावर फोडू नका.

तिसरा_पडदा
साफ असहमत. सिग्मा १८-३५ एफ/१.८ माझ्याकडे बरीच वर्षं आहे. २०१३ मध्ये आली तेव्हा झूम केलं तरी सलग एफ/१.८ देणारी दुसरी झूम लेन्स नव्हती. व्हिडिओवाल्यांनी तर अक्षरशः उचलून धरली, त्यामुळे वापरलेलीही हातोहात जायची. २०२५ मध्ये सिग्माचीच १७-४० एफ/१.८ आली. दोन्हीकडे झूमची रेंज जास्त, वजन बरंच कमी. मी जाहिरात टाकून तीन आठवडे झाले. फोन येतात, आणि पहिलंच वाक्य असतं, "आता नवीन आलीये ना?" हा अनुभव माझा आहे. तुमच्या नॉक्टचं मला काय सांगता?

काचवेडा
अहो, तुम्ही माझाच मुद्दा मांडताय. १८-३५ डीएसएलआर माउंटची, १७-४० मिररलेसची. बदललं ते माउंटच.

तिसरा_पडदा
नाही हो. ईएफ (कॅननच्या डीएसएलआरच्या) माउंटची १८-३५ अ‍ॅडॉप्टर, म्हणजे मधली जोडकडी, लावून वर्षानुवर्षं मिररलेसवर चाललीच की. माउंट २०१८ मध्येच बदललं, भाव तेव्हा पडला नाही. अ‍ॅडॉप्टरशिवाय बसणारी, हलकी, तितकीच फास्ट (तेवढाच उजेड घेणारी) लेन्स आली तेव्हा पडला. हे नव्या लेन्सचंच काम.

स्क्रू_ड्राइव्ह
तुमची लेन्स निदान चालते तरी. आम्हा निकॉनच्या जुन्या डी लेन्सवाल्यांचं (लेन्समध्ये फोकसची मोटर नाही, ती कॅमेऱ्यात असायची) दुःख कुणी विचारात घेतं का? निकॉनने एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये मोटरच दिली नाही. ८५ एफ/१.४ डी झेड बॉडीवर लावली की फोकस हाताने. काच तीच, चेहऱ्यामागे हळूहळू धूसर होत जाणारा तो मऊ उतार तोच, आणि ऑटोफोकस गेला म्हणून लोक निम्म्याहून कमी भाव करतात. कुठल्या नव्या फास्ट लेन्समुळे नाही, अ‍ॅडॉप्टरमध्ये एक मोटर न टाकल्यामुळे.

पिवळी_काच
तुम्ही सगळे आकड्यांवर भांडताय. वापरलेल्या लेन्सचा भाव पाडला तो खोटं बोलणाऱ्या विक्रेत्यांनी. मी एक ८५ एफ/१.४ घेतली. जाहिरातीत "काचा स्वच्छ, जवळजवळ नवी". घरी आल्यावर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला. आतल्या काचेवर दुधाळ पापुद्रा, आणि कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे. उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की सगळं धुरकट. परत घ्यायला नकार. तेव्हापासून टॉर्चचा फोटो नसेल तर मी फोनच करत नाही.

तिसरा_पडदा
हे टॉर्चचं खूळ आधी थांबवा. तिरपा टॉर्च मारला तर कालच खोक्यातून काढलेल्या लेन्समध्येही धुळीचे कण चमकतात. खरेदीदार तेवढंच दाखवून घासाघीस करतात. पुढच्या काचेवरची धूळ फोटोत दिसतच नाही.

पिवळी_काच
धूळ आणि बुरशी यातला फरक मला कळत नाही असं तुम्हाला वाटतं का? धूळ म्हणजे ठिपके. बुरशीला फाटे फुटतात, ती काचेवरचा लेप (कोटिंग) खाते, पुसून काढली तरी डाग राहतो. आणि मागच्या काचेवरचा डाग अ‍ॅपर्चर बारीक केलं की सरळ फोटोत येतो. हे विकणाऱ्याला माहीत असतं, तरी तो पुढच्याच काचेचा फोटो टाकतो. तुम्ही त्यांचीच बाजू घेताय.

तिसरा_पडदा
मी कुणाची बाजू घेत नाही. मला चोर ठरवू नका.

छायाचकोर
दोघंही जरा दमानं घ्या. मी पेंटॅक्सची एक जुनी टाकुमार ५० एफ/१.४ घेतली होती, काच चहासारखी पिवळी. विक्रेत्याने ते स्वतःहून सांगितलं, काचेतल्या थोरियम या किरणोत्सारी धातूमुळे होतं हेही सांगितलं. काही आठवडे उन्हात ठेवली, पिवळेपणा बराच उतरला. सांगून विकलं असतं तर इथे कुणी तक्रारच केली नसती.

स्क्रू_ड्राइव्ह
टाकुमार हातानेच फोकस करायची, म्हणून तिला मोटरचं दुःख नाही.

काचवेडा
धागा बुरशीकडे गेला, पण पिवळी_काच यांचं म्हणणं मला पटतं. मूळ मुद्द्याबद्दल तिसरा_पडदा यांचं एक मान्य करतो, आनंदाने नाही: त्याच कामाची, त्याहून हलकी आणि थेट बसणारी लेन्स आली तर जुनीचा भाव पडतो. मी माउंटवर जरा जास्तच भार टाकला. पण फिरणाऱ्या पोस्टमध्ये हे कुठे होतं? तिथे फक्त आकडा होता, एफ/१.४ वाईट आणि एफ/१.२ चांगली. जड एफ/१.२ आली म्हणून हलकी एफ/१.४ पडत नाही. त्या मुलीने लेन्स विकली ती भीतीने. घेणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी तीच लेन्स जास्त भावाने जाहिरातीत टाकली, मी स्वतः पाहिली.

तिसरा_पडदा
तिच्यासाठी वाईट वाटलं. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर.
रात्री माझ्या १८-३५ मध्ये टॉर्च मारून बघितला. पुढून, मागून, तिरपा. धूळ आहे, फाटे कुठे नाहीत. तिन्ही फोटो जाहिरातीत जोडले. भाव नव्या लेन्सनेच पाडला, हे मात्र मी सोडणार नाही.