तीन मित्रांवरचे विनोदी नाटक सुचवावे (फोंडा)

हौशी_फोंडा : आमची मंडळी दरवर्षी देवळाच्या उत्सवात नाटक करते, यंदा राजीव गांधी कला मंदिरात स्वतंत्र प्रयोग करण्याचा विचार आहे. पन्नाशीकडे झुकलेले तीन नट हाताशी आहेत, स्त्री-भूमिकेसाठी मात्र कोणी नाही. पुरुषांची मैत्री हाच विषय असलेले, पण दारूची बैठक आणि बायकोचा धाक यांपलीकडे जाणारे विनोदी नाटक कोणी सुचवेल का? ‘ऑल द बेस्ट’ नको. त्यातले मित्र तरुण आहेत आणि मुलगीही लागते.

मडगावचा_प्रेक्षक : यास्मिना रेझा यांच्या ‘आर्ट’ या फ्रेंच नाटकाचा अवश्य विचार करावा. ते १९९४ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आले आणि त्याच्या इंग्रजी रूपाला १९९८ मध्ये टोनी पुरस्कार मिळाला. पात्रे तीनच. त्वचारोगतज्ज्ञ सर्ज दोन लाख फ्रँक मोजून एक जवळजवळ कोरे, पांढरे चित्र विकत घेतो, अभियंता मार्क त्याची टर उडवतो, आणि लग्न तोंडावर आलेला इव्हान दोघांच्याही होला हो करता करता दोघांचीही बोलणी खातो. भांडण वरवर कलेवरून आहे. मार्कला खरे सलते ते हे की, ज्याची आवडनिवड आपणच घडवली असे तो मानत आला, त्या मित्राने त्याला न विचारता स्वतःची आवड जोपासली. मन दुखावल्याचे सरळ सांगण्याची या पुरुषांना सवय नाही, म्हणून ते चित्राच्या किमतीवर घसरतात, आणि पुढे तर मार्कच्या सोबतिणीची सिगारेटचा धूर हाताने बाजूला सारण्याची लकबसुद्धा वादातून सुटत नाही.

लग्नपत्रिकेत कोणाच्या सावत्र आईचे नाव छापावे, यावर इव्हानचे एक लांबलचक, दमछाक करणारे स्वगत आहे. पत्रिकेतल्या नावांवरून आपल्याकडे घरोघर रामायण घडत असल्याने ते प्रेक्षकांना समजावून सांगावे लागणार नाही. खरी कसोटी शेवटाकडे आहे. तिथे तिघेही भांडून थकलेले, मुकाट्याने ऑलिव्ह खात बसतात. बिया टाकल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. ही शांतता नटांनी भीतीपोटी आवरती घेतली, तर प्रयोग पडला म्हणून समजावे.

कांपालकर : सूचनेशी सहमत. नेपथ्याचा खर्चही बेताचा आहे, कारण तिघांची घरे एकाच दालनात दाखवता येतात, फक्त भिंतीवरचे चित्र बदलावे लागते. मात्र रूपांतराची लेखी परवानगी तालमीआधी घ्यावी. आणखी एक. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे मूळ गोव्यातले आणि त्यांच्या अमूर्त चित्रांना लिलावात कोट्यवधी रुपये मिळतात, त्यामुळे किंमत कोणाला अशक्य वाटणार नाही. तरीही संवादात त्यांचे नाव घालण्याचा मोह टाळावा, अन्यथा लोक मित्रांना सोडून चित्रकलेला हसतील.

हौशी_फोंडा : आभारी आहे. आमचा हमखास हशा घेणारा नट इव्हानसाठी योग्य ठरेल का?

मडगावचा_प्रेक्षक : त्याला मार्कची भूमिका द्यावी. इव्हानला हशा आपोआप मिळतो. मार्क मात्र केवळ खाष्ट वाटला, तर इतरांनी त्याच्याशी इतकी वर्षे मैत्री का टिकवली, हेच पटणार नाही.