पॉलिग्राफचा निकाल दुसऱ्या पोलीस खात्याला कळतो का? (टेक्सास)

ओंकारची आई, डॅलसजवळ
मुलगा चोवीस वर्षांचा. लहानपणापासून पोलीसच व्हायचं म्हणतोय. माझे वडील सोलापूरला हवालदार होते, ते वेड याच्यात उतरलंय. मार्चमध्ये एका शहराच्या पोलीस खात्यात लेखी, धावणं, मुलाखत सगळं पार पडलं आणि पॉलिग्राफवर, म्हणजे खोटं पकडायच्या मशीनच्या चाचणीवर, अडलं. संध्याकाळी घरी आला तेव्हा दंडावर पट्ट्याचे लाल वळ तसेच होते. छातीला-पोटाला नळ्या, बोटांना तारा, आणि पट्टा इतका आवळलेला की हाताला मुंग्या आल्या म्हणाला. कॉलेजात दोनदा गांजा ओढल्याचं त्याने फॉर्ममध्ये आधीच लिहिलं होतं. तरी ‘ड्रग्जच्या प्रश्नाला रिॲक्शन येतेय, अजून काय लपवतोयस?’ असं चार वेळा विचारलं. आठवड्याने दोन ओळींची ईमेल आली: निवड झाली नाही. कारण काही नाही.

आता शेजारच्या शहराचा अर्ज भरतोय. त्यात सरळ विचारलंय: आधी कुठे अर्ज केला होता, पॉलिग्राफ दिली होती का, निकाल काय. मित्र म्हणतो, लिहूच नकोस, टेक्सासमध्ये निकाल गुप्त असतो. माझं मन मानत नाही. खरं काय?

नितीन, पुणे
आपल्याकडे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय पॉलिग्राफ करता येत नाही. तिकडे असं काही नाही?

माधवकाका, ह्यूस्टन
ओंकारच्या आई, मी एका शहराच्या नोकरभरती विभागात सोळा वर्षं काढली, अशा फायली रोज हाताखालून गेल्या. मित्र अर्धंच सांगतोय. टेक्सासच्या ऑक्युपेशन्स कोडमध्ये, म्हणजे व्यवसायांबद्दलच्या कायद्यात, १७०३.३०६ हे कलम आहे. चाचणीत कळलेलं परीक्षकाने बाहेर सांगायचं नाही, आणि ज्या सरकारी खात्याकडे ते जातं त्यानेही गुप्त ठेवायचं. पण कोणाला सांगता येतं त्याची यादीही तिथेच आहे, आणि त्यात पहिला येतो तो स्वतः चाचणी देणारा किंवा त्याने लेखी नेमलेला कोणी. आता अर्जाची शेवटची पानं उघडा. नोटरीसमोर सही करायचं संमतीपत्र असेल, ‘माझ्याबद्दलची सगळी माहिती या खात्याला द्यावी’ अशा अर्थाचं. ती सही दाखवूनच नव्या खात्याचा इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे उमेदवाराची चौकशी करणारा, जुन्या खात्याला फोन करतो, कधी स्वतः जाऊन फाईल चाळतो.

तेव्हा लिहाच. पॉलिग्राफमध्ये अडकूनही दुसरीकडे लागलेली मुलं मी पाहिली आहेत. लपवलेलं सापडल्यावर लागलेला एकही पाहिला नाही. आणि मशीन लावायच्या आधी जे बोलणं होतं, त्यात उमेदवाराने काय कबूल केलं हे फायलीत मशीनच्या आलेखापेक्षा जास्त वाचलं जातं. तिथे ‘दोनदा’ म्हणाला असेल तर इथेही दोनदाच. ‘दोन-तीनदा’ नको.

नितीन, १९८८च्या केंद्रीय कायद्याने खाजगी कंपन्यांना बहुतेक ठिकाणी बंदी घातली, पण सरकारी खाती वगळली. इथे उमेदवार संमती देतोच. नाही दिली तर अर्ज तिथेच थांबतो.

ओंकारची आई
काका, त्याला स्वतःला निकाल मागता येईल?

माधवकाका, ह्यूस्टन
त्याला सांगायला या कलमात मनाई नाही. त्याच्या सहीचं पत्र पाठवा. द्यायला नाही म्हणाले तरी मागितल्याची नोंद राहते.

स्वप्ना, व्हर्जिनिया
ताई, पुढे तो केंद्राच्या नोकऱ्यांकडे वळला तर: १९७४च्या प्रायव्हसी ॲक्टखाली आपले कागद आपल्याला मागता येतात, पण त्याच कायद्यात ‘रूटीन यूज’ म्हणून खात्यांनी एकमेकांना माहिती द्यायची वाटही आहे. माझा भाऊ कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन या सीमा सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याच्या पॉलिग्राफमध्ये नापास झाला. अंमलदार पदांसाठी ती चाचणी २०१०च्या कायद्याने आली. २०१७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने छापलं की तिथे तिघांतले दोघे नापास होतात. वर्षभर तो घरात कुणाशी नजर मिळवत नव्हता, जणू खोटारडा ठरलाय. ओंकारला नॅशनल रिसर्च कौन्सिल या अमेरिकी विज्ञानसंस्थेचा पॉलिग्राफवरचा २००३चा अहवाल वाचायला द्या. नोकरीच्या चाळणीसाठी भरवसा ठेवावा इतकी ही चाचणी अचूक नाही, असं तिथल्या शास्त्रज्ञांनीच लिहिलंय. माझ्या भावाला ते कुणी वेळेवर सांगितलं नाही.

ओंकारची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री त्याने तो रकाना भरला: खात्याचं नाव, मार्च, पॉलिग्राफ दिली, ड्रग्जच्या प्रश्नावर पुन्हा पुन्हा विचारलं, निकाल कळवला नाही. जुन्या खात्याला पत्रही लिहिलंय. उद्या दोन्ही घेऊन नोटरीकडे जातोय, मी सोबत जाणार आहे.