संपर्क तुटलेल्या क्लस्टरची नोंद हबवरून जबरदस्तीने काढावी का?

धागाकर्ता :
ओपन क्लस्टर मॅनेजमेंटमध्ये (अनेक कुबरनेटीस क्लस्टर एका मध्यवर्ती 'हब' क्लस्टरवरून सांभाळणारी प्रणाली) मॅनेज्ड क्लस्टर, म्हणजे हबला जोडलेला क्लस्टर, डिलीट करताना नोंद अडकली, की फायनलायझर (आवराआवर होईपर्यंत डिलीट रोखून धरणारी खूण) हाताने पुसून मोकळे होण्याला माझा ठाम विरोध आहे. मॅनिफेस्टवर्कवरचा (क्लस्टरवर काय लावायचे ते सांगणारी हबवरची नोंद) फायनलायझर क्लस्टरवरचा एजंट काढतो, आणि तोही त्या मॅनिफेस्टवर्कमधून तयार झालेली रिसोर्सेस हटवून झाल्यावरच. म्हणजे नोंद अडकली आहे याचा अर्थ पलीकडची आवराआवर बाकी आहे. फायनलायझर पुसल्यावर हब स्वच्छ दिसतो, पण क्लस्टरवर क्लस्टरलेट (हाच तो एजंट) आणि त्याने लावलेली रिसोर्सेस मागे राहतात व त्यांची जबाबदारी कुणाकडेच उरत नाही. आधी संपर्क पूर्ववत करावा, मगच क्लस्टर काढावा.

प्रतिसाद १ :
असहमत. मशिनेच नष्ट झाली असतील, तर फायनलायझर काढायला एजंट परत येणार कुठून? हबवरची त्या क्लस्टरच्या नावाची नेमस्पेस (त्याच्या नोंदींचा कप्पा) 'टर्मिनेटिंग', म्हणजे अर्धवट हटवलेल्या अवस्थेत पडून राहते आणि त्याच नावाने नवा क्लस्टर जोडता येत नाही. जिथे आवरण्यासारखे काही उरलेलेच नाही, तिथे वाट पाहणे निरर्थक आहे.

धागाकर्ता :
मशिने नष्ट झाली हे हबला कळत नाही, हीच तर अडचण आहे. एजंटने लीजचे (तो चालू असल्याची, ठराविक वेळाने नवी करायची नोंद) नूतनीकरण केले नाही, एवढेच त्याला दिसते. लीजची मुदत मूळ सेटिंगप्रमाणे ६० सेकंद असते आणि सुमारे ५ मिनिटे नूतनीकरण झाले नाही की क्लस्टरची स्थिती 'अननोन' होते. फायरवॉलचा नियम बदलला तरी हेच दिसते. मशिने खरोखर गेली आहेत याचा पुरावा क्लाउडच्या कन्सोलवरून मिळाला, तर तुमचा मार्ग मला मान्य आहे. केवळ 'अननोन' पाहून मात्र नाही.

प्रतिसाद २ :
मला तर सुरळीत पार पडणाऱ्या डिलीटचीच अधिक काळजी वाटते. मॅनिफेस्टवर्क हटले की त्यातून लावलेली रिसोर्सेसही हटतात, हे त्याचे मूळ वर्तन आहे. त्यामुळे क्लस्टर दुसऱ्या चमूकडे सोपवण्यासाठी फक्त हबपासून वेगळा करायचा असेल, तर नियमानुसार केलेल्या आवराआवरीत चालू ॲप्लिकेशन्सही जाऊ शकतात. ती टिकवायची असतील तर डिलीट करण्यापूर्वी मॅनिफेस्टवर्कच्या डिलीट ऑप्शनमध्ये 'ऑर्फन' हे धोरण लावून ठेवावे लागते. 'आधी संपर्क पूर्ववत करावा' या धागाकर्त्यांच्या सल्ल्यात ही पायरी नाही आणि ती नसताना संपर्क जोडणे अधिक घातक ठरू शकते, कारण प्रलंबित डिलीट त्या क्षणी अंमलात येते.