क्यूदो: आधी पेंढा, मग निशाण
कुणीतरी विचारलंय की जपानला फिरायला गेल्यावर क्यूदोच्या, म्हणजे जपानी धनुर्विद्येच्या, तासाभराच्या वर्गात थेट निशाणावर बाण मारू देतात का. सहसा नाही. खरं निशाण २८ मीटरवर, जेमतेम ३६ सेंटिमीटरचं. नवख्याला दोनेक मीटरवर पेंढ्याच्या गठ्ठ्यासमोर, म्हणजे माकिवारासमोर, उभं करतात. आणि तेच बरं! धनुष्य दोन मीटरहून उंच, मूठ मधोमध नाही तर बरीच खाली, आणि दोरी हरणाच्या कातड्याच्या हातमोज्यातल्या अंगठ्याने पार कानामागे ओढायची. सुटताना ती गालाजवळून सपकन जाते, चष्मेवाल्यांची तंतरते. बायकांनी मुनेआते, म्हणजे छातीचं कवच, मागून घ्यावं, संकोचू नये. नुसतं बघायचंय? मग जानेवारीच्या मध्यात क्योटोचं सान्जूसान्गेन्दो मंदिर गाठा. नुकतीच विशी गाठलेल्या मुली किमोनो आणि हाकामा (घोळदार पायजमा) घालून ६० मीटरवर नेम धरतात. गर्दी मात्र मरणाची असते.