टर्बो पोलोला मोठा डाउनपाइप आणि सायलेन्सर बसवल्यापासून पिकअप गेला. रिमॅप करू की जुनं परत बसवू?

नमस्कार मंडळी,

मी गोव्यातल्या डिचोलीचा. गाडी २०२० ची पोलो, १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल, ५८ हजार किलोमीटर झालेली. रोज वेर्ण्याला कामाला जातो आणि महिन्यातून दोनदा तरी चोर्ला घाटातून बेळगावला बहिणीकडे. गाडी पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, होती आणि माझी तिच्याबद्दल काही म्हणजे काही तक्रार नव्हती. ११० पीएस आणि १७५ न्यूटन मीटर हे आकडे ऐकायला मोठे नाहीत, पण तो टॉर्क साडेसतराशे आरपीएमलाच हाताशी येतो. केरी सोडून चढ लागला की तिसऱ्यावर टाकायची आणि ती आपली ओढत राहायची.

चतुर्थीनंतर एका गॅरेजमध्ये अडीच इंची स्टीलचा डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) बसवला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा 'कॅट', नसलेला. मागे सरळ पाइप आणि छोटा मफलर. रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलणं, केलं नाही. "टर्बो मोकळा झाला की पंधरा-वीस पीएस आपोआप वाढतात" असं मला सांगितलं आणि मी मान्य केलं. गॅरेजचं नाव विचारू नका, मला भांडायचं नाही, गाडी नीट करायची आहे.

झालं असं की पहिले दोन दिवस आवाजानेच गाडी जोरात वाटली. तिसऱ्या दिवशी साखळीच्या अलीकडे खनिजाच्या ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर काढली, पाय पूर्ण दाबला, गाडीने एक धक्का दिला आणि मग कोणी मागून धरून ठेवल्यासारखी बसली. समोरून बस येत होती. ब्रेक मारून परत ट्रकच्या मागे आलो. बायको शेजारी होती, घरी पोचेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर मोजून पाहिलं. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० ला पूर्वी पावणेसहा सेकंद लागायचे (हौसेने मोजून ठेवले होते), आता आठच्या वर. चेक इंजिनची लाइट लागली आहे, कोड पी०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नाही. कॅटच काढलाय म्हटल्यावर तो येणारच, हे मला समजतं. खरा प्रश्न लॉगचा आहे. ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) अडॅप्टर लावून मोबाइलवर लॉग, म्हणजे चालू गाडीच्या आकड्यांची नोंद, घेतला. इंजिनने मागितलेला बूस्ट (टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब) १९०० मिलीबार, प्रत्यक्षात २१५० पर्यंत जातो. त्याच क्षणी, पाय तळाला टेकलेला असताना, थ्रॉटल (इंजिनमध्ये हवा सोडणारी झडप) ८५ टक्क्यांवरून ३८ वर येतो. मग थोडा उघडतो, परत बंद होतो. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट, अधिक १४ टक्के. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर काजळ येतं, पूर्वी राखाडी पूड असायची.

गॅरेजवाले म्हणतात, बॅक प्रेशर (पाइपात धुराला होणारा अडथळा) कमी झालं म्हणून टॉर्क गेला, मागे जरा बारीक मफलर घालू. मला हे पटत नाही. टॉर्क त्यामुळेच गेला असता तर बूस्ट वाढून थ्रॉटल का बंद व्हावा? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा: रिमॅपने हे सुटेल का, की जुना पाइप बसवू?

प्रतिसाद १

दादा, तुमची शंका बरोबर आहे. टर्बोच्या पुढे अडथळा ठेवून टॉर्क मिळत नाही. टर्बाइन, म्हणजे टर्बोतलं धुराने फिरणारं चाक, फिरतं ते अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर. तुम्ही पलीकडचा दाब कमी केलात, त्यामुळे ते लवकर आणि जास्त फिरतं. पण वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) कधी आणि किती उघडायचं याचं ईसीयूमधलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं, कोष्टक जुन्या पाइपच्या हिशेबाने भरलेलं आहे. वेस्टगेटची छोटी मोटर ते उघडेपर्यंत बूस्ट पुढे निघून जातो. ईसीयूला मागितल्यापेक्षा जास्त हवा दिसते आणि ती थांबवायचा सगळ्यात जलद उपाय म्हणजे थ्रॉटल मिटणे. धक्का आणि मग बसणं, ते हेच. असंच चाललं तर एक दिवस पी०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट येईल आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाईल, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद कमी करेल. घाटात नको ते.

फ्युएल ट्रिमचं कारण वेगळं असावं. टर्बो आणि पुढचा ओ-टू (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) सेन्सर यांच्यामधला क्लॅम्प बघा. तिथे बारीक फट असली की आयडलला बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटतं आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. काजळ त्याचंच.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. रिमॅपने बूस्टचं काम होईल, पण कॅटशिवाय गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदेशीरच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली धूर आणि आवाज या दोन्हींसाठी १० हजारांपर्यंत दंड आहे, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. मी असतो तर कॅट परत बसवला असता.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. गाडी फोंड्याच्या ओळखीच्या मेस्त्रींकडे लिफ्टवर घेतली. क्लॅम्पच्या खालच्या बाजूला करंगळीएवढी काळी रेघ, थेट सेन्सरच्या दिशेने गेलेली. नव्या पाइपचा फ्लँज (जोडाची कडा) वेल्डिंगच्या उष्णतेने किंचित वाकला होता, वर सरळपट्टी धरल्यावर खालून उजेड दिसला. क्लॅम्प कितीही आवळला तरी ती फट मिटणार नव्हती.

मूळ डाउनपाइप मी भंगारात दिला नव्हता, हे नशीब. नवीन गॅस्केट घालून तोच बसवला, मागचा मफलर तसाच ठेवला. कोड काढले. आता मागितलेला बूस्ट १९००, मिळालेला १९२०, थ्रॉटल मध्ये मिटत नाही. ४० ते ८० पुन्हा पावणेसहा. ट्रिम तीन दिवसांत अधिक १४ वरून अधिक ३ वर आली.

एक शंका उरली आहे. पुढेमागे रिमॅप केलंच तर कॅट जागेवर ठेवून करायचं आहे, आणि आधी-नंतर डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) आकडे दाखवणाऱ्याकडेच. गोव्यात की बेळगाव-कोल्हापूरकडे जावं, आणि जास्त ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलशिवाय चालेल का? मी नेहमीचं साधं भरतो आणि घाटात, मे महिन्याच्या उन्हात, नॉकिंगची (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकण्याची) भीती वाटते. रविवारी बेळगावला जाणार आहे. चोर्ला चढताना बायकोला मोबाइल धरायला सांगून पूर्ण लॉग घेतो आणि इथे टाकतो.